जयंतीकाकांचा उलटा हात

कुठल्याही यंत्राला हात लावायचा तर जयंतीकाका आधी उलटा हात लावायचे. तळवा नाही, बोटांची मागची बाजू. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तशी. कॉम्प्युटर असो, मिक्सर असो, नाहीतर शेजारी सुके बोंबील विकणाऱ्या भानूमावशीचा वजनकाटा असो, उलटा हात ठेवून ते म्हणायचे, "बोल."

हे यंत्राला म्हणतात की आपल्याला, ते नव्या माणसाला कळायचं नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं यंत्रालाच म्हणतायत, म्हणून मी आपली उभी राहिले.

"अरे तू बोल ना, दीकरा! हा डबा बोलत असता तर तू माझ्याकडं कशाला आली असतीस?"

उलट्या हाताचं कारण त्यांनी पुढं कधीतरी सांगितलं. डहाणूच्या खाडीकाठच्या बर्फाच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. जमीन कायम ओली, आणि त्या ओलीत उभं राहून मोटारी हाताळायच्या. तळवा लावला आणि यंत्रात करंट उतरलेला असला, तर मूठ आवळते आणि हात तिथंच चिकटतो. उलटा हात लावला तर झटक्यानं मागं येतो. "हात परत आला पाहिजे," काका म्हणायचे. "दुसऱ्या दिवशी पण कामावर जायचं असतं."

आज हे लिहायला बसले त्याला कारण घडलं. मी आता देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, एका बंदरात क्रेन चालवते. इथली भाषा मला अजून धड येत नाही. परवा मोठे साहेब वर केबिनमध्ये आले, माझं काम थोडा वेळ बघितलं आणि हिंदीत विचारलं, "किसने सिखाया?" मी ट्रेनिंग सेंटरचं नाव सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. तेव्हापासून ते मनाला टोचतंय. म्हणून राहिलेलं अर्धं लिहिते. माझी शाळा नववीतच सुटली, तेव्हा वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

मी तलासरीच्या पूर्वेकडच्या पाड्यावरची. घरी भात आणि नागली. शाळा सुटल्यावर काही वर्षं घरचं केलं, मग हद्दीपलीकडच्या, गुजरातेतल्या एका पाइपांच्या यार्डात लागले. माझं काम खालचं. पाइपांना पट्टा बांधायचा, तो क्रेनच्या हुकात अडकवायचा आणि वर बसलेल्या ऑपरेटरला हातानं इशारे करायचे. चार वर्षं मान वर करून इशारे केले. मग एक दिवस ठेकेदारानं सांगितलं की नवे ऑपरेटर घ्यायचेत आणि खालच्या माणसांनाही संधी आहे. पण आधी ट्रेनिंग सेंटरवर कॉम्प्युटरवरची परीक्षा. खोटी क्रेन, खोटा लोड. तो लटकता लोड तीन वेळा आखलेल्या चौकोनात उतरवायचा, मधल्या ड्रमांना धक्का न लावता. संधी एकदाच. जो नापास होईल तो परत खाली पट्टे बांधायला.

नाव देणाऱ्यांत बाई मी एकटी. "बसून बघ," ठेकेदार म्हणाला. तो 'बघ' असा म्हणाला की मागचे दोघे हसले.

हातात तीन आठवडे होते. आमचा ऑपरेटर विनोदभाऊ चांगला माणूस. त्यानं सांगितलं, क्रेनचा एक गेम आहे, फुकटात मिळतो, परीक्षेसारखाच आहे, त्यावर हात बसव. एका बंद होणाऱ्या ऑफिसातून मी जुना कॉम्प्युटर घेतला, गेम टाकला, आणि तो चालेना. म्हणजे चालायचा, पण अडखळत. हूक डावीकडे न्यावा तर चित्र मध्येच थिजायचं. पुन्हा हलायला लागायचं तोवर लोड भिंतीत जाऊन बसलेला. शंभरदा केलं तरी तेच. आणि मला कळेना की चुकतंय कोण, कॉम्प्युटर की मी? रात्रंदिवस एवढीच धास्ती. कॉम्प्युटर खराब असेल तर दुरुस्त होईल, पण माझा हातच खराब असेल तर?

वापीच्या दुकानदारानं डबा उघडलासुद्धा नाही. म्हणाला, "ह्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. आतलं जे आहे ते टायपिंगपुरतं. गेम खेळायचा तर कार्ड टाका, नाहीतर नवा घ्या." सरावलीहून कामाला येणारी एक बाई मला म्हणाली, "टाकून देण्याआधी आमच्या बर्फवाल्याला दाखव."

म्हणून रविवारी डबा गोधडीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि तलासरीहून एसटीत बसले. कंडक्टर वाकून बघायला लागला.

"काय गं, मूल आहे का?"

"कॉम्प्युटर आहे."

"मग एवढं छातीशी धरलंयस ते?"

"खड्डे चुकवायला सांगा ना डायव्हरला," मी म्हटलं.

"त्याला चुकवता आले असते तर तो विमान चालवत असता," कंडक्टर म्हणाला आणि पुढं गेला.

सरावलीच्या रस्त्यावर काकांचं दुकान म्हणजे एक खोली. पाटीवर फक्त 'दुरुस्ती', कशाची ते नाही. आत चिकूची रिकामी खोकी रचलेली, एकेका खोक्यात एकेका गिऱ्हाइकाचं यंत्र, खाली गवत तसंच ठेवलेलं, धक्का लागू नये म्हणून. काका बारीक, उंच, खांद्यावर कायम ओला पंचा. वर पत्र्याची पडवी होती आणि तिच्या सावलीत भानूमावशी टोपली घेऊन बसायची. भाडं म्हणून काकांना ती दिवसभर बोलणी ऐकवायची.

"काका, कॉम्प्युटर स्लो आहे," मी सांगितलं.

"स्लो म्हणजे? कधी स्लो? चालू केल्यापासून, का मागाहून?"

"माहीत नाही."

"'स्लो' हा शब्द माझ्या दुकानात चालत नाही. मुलगा आजारी आहे म्हणून डॉक्टरकडं जातेस, तेव्हा ताप कधी चढतो ते सांगतेस ना? बस. खेळ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्त्यावरून माणसं जातायत आणि मी पंचविशीची बाई टेबलाशी बसून गेम खेळतेय. भानूमावशी तर टपलेलीच होती.

"अगो बाय! एवढी थोरली घोडी नि गेम खेळतं दिसाढवळ्या!"

"भानू, ती खेळत नाही, मी तपासतोय. तू बोंबलाकडं बघ, मांजर आलंय."

"तुझं ध्यान पोरीच्या गेमवर नि माझ्या मांजरावर बी? म्हातारा झालास तरी चार डोले हायेत तुला."

काकांनी स्क्रीनकडं एकदाही बघितलं नाही. समोर मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं आणि डब्यावर उलटा हात. गेममध्ये एका कोपऱ्यात आकडा दाखवायची सोय असते, सेकंदाला किती चित्रं निघतायत त्याचा. तो त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावला. चौदा. पंधरा. चौदा. असं बरंच चाललं. मग अकरा. आठ. नऊ.

"बाराव्या मिनिटाला पडला," काका म्हणाले, "आणि डबा तेव्हाच तापला. दोन दुखणी आहेत तुझ्या मुलाला. एक अंगात मुरलेला अशक्तपणा, आणि वरून ताप. पहिला ताप."

त्यांनी झाकण काढलं. आत धुळीचा थर होता, पण काका धुळीकडं बघत नव्हते. चष्मा कपाळावर चढवून पंख्यात डोकावत होते. मग त्यांनी चिमटा घातला आणि एकेक करून पाच भाताचे दाणे बाहेर काढले. हळदीनं पिवळे झालेले.

माझी मान खाली गेली. आमच्याकडं नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लावून नव्या भाताचे दाणे वाहतात. नांगराला वाहतात, सायकलला वाहतात. आईनं कॉम्प्युटरला वाहिले. वरच्या बाजूला जाळी होती, तिथूनच सगळे आत. त्यातला एक दाणा पंख्याच्या पात्याशी अडकला होता, त्यामुळं पंखा अर्ध्या जोरानं फिरत होता. वाटलं, आता हे हसणार आणि भानूमावशीला सांगणार, मग मला सरावलीत तोंड दाखवायची सोय नाही.

काका हसले नाहीत. कागदाच्या तुकड्यात दाण्यांची पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली.

"आईचे आहेत, फेकू नको. आणि वाहू नको म्हणून सांगू नको तिला. एवढंच सांग, वर त्याचं नाक आहे. दाणे समोर, टेबलावर ठेवायचे."

मग रंगाच्या ब्रशनं धूळ काढली. चिपच्या वर उष्णता ओढून घेणारी पेस्ट असते, ती सुकून चुन्यासारखी झाली होती. ती खरवडली आणि नवी लावली, मोहरीएवढी. मी म्हटलं, थोडी जास्त लावा ना. "गोधडी घालायची नाहीये त्याला," काका म्हणाले.

पुन्हा बसवलं, पुन्हा घड्याळ. बारा मिनिटं झाली, वीस झाली. आकडा पंधराच्या खाली आला नाही. मी आनंदानं उठलेच. काका जागचे हलले नाहीत.

"ताप उतरला. पोर अजून रांगतंय. पुढच्या रविवारी."

"काका, परीक्षेला दोनच आठवडे राहिलेत हो."

"म्हणून तर. शांती राख."

त्यांच्या ह्या शांतीचा इतिहास मला भानूमावशीनं सांगितला, काका आत गेले असताना. बर्फाच्या लादीला जमायला पुरा वेळ लागतो. ती बाहेरून आत जमत जाते, मधला गाभा सगळ्यात शेवटी. हंगामात बोटी धक्क्याला लागल्या की मालकांची घाई, काढा लादी, काढा. "हा मेला काढायचा नाय," मावशी म्हणाली. "एकदा आमच्या बोटीवाल्यानं शिव्या घातल्या. ह्यानं काय केलं? एक लादी काढली, नि त्याच्या पायाशी फोडली. मधून भसाभसा पाणी. म्हणतो, 'हे पाणी घेऊन जातोस समुद्रात? मासली त्यात पोवतील तुझी.' सगलं बंदर हसलं. पण मी सांगतं तुला, त्याच्या हातची लादी तिसऱ्या दिसापर्यंत टिकायची."

काका बाहेर आले तेव्हा चहा आला होता. काकांनी ग्लासाला उलटा हात लावला आणि तसाच बाजूला ठेवला.

"बघ, बघ," मावशी म्हणाली. "बर्फवाल्याला चा बी थंड लागतंय."

"जन्मभर गरम गोष्टींशी भांडलो मी, भानू. आता एक ग्लास राहिलाय तर त्याच्याशी तडजोड कशाला?"

त्या आठवड्यात मी एक मूर्खपणा केला. अधल्यामधल्या एका सुट्टीला घरी बसले होते आणि धास्तीनं स्वस्थ बसवेना. फोनवर बघून बघून कॉम्प्युटरवर पाच गोष्टी एकदम केल्या. कुठला तरी ड्रायव्हर टाकला, गेम पळवून देतो म्हणणारा प्रोग्राम टाकला, आणखी तीन ठिकाणी काय काय बदललं. गेम उघडला तर स्क्रीन काळी. रविवारी गोधडीतला डबा घेऊन मी रडकुंडीला येऊन सरावलीला उतरले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पाचातल्या कुठल्यानं बिघडलं?"

"माहीत नाही."

"आणि पाचातल्या एखाद्यानं सुधारलं असेल, तर ते कुठलं?"

"माहीत नाही."

"म्हणजे एवढा वेळ बसून तू काहीच केलं नाहीस." असं म्हणून त्यांनी चिकूच्या खोक्याचं झाकण फाडून माझ्यासमोर ठेवलं आणि पेन्सिल दिली. "एका वेळी एक. आधीचा आकडा लिही. काय केलं ते लिही. नंतरचा आकडा लिही. फरक नाही पडला तर जागच्या जागी परत. हात तुझे. मी बसतो."

आणि खरंच ते नुसते बसले. पाचही गोष्टी मी एकेक करून उलट्या केल्या. स्क्रीन परत आली. पंधरा. मग त्यांनी एकेक सुचवायचं आणि मी करायचं. डबा ऑफिसातला, म्हणून त्याला वीज वाचवायची सवय लावलेली होती. ती काढली, सोळा. चित्र काढणाऱ्या चिपला कॉम्प्युटरचं म्हणणं समजावून देणारा जो प्रोग्राम असतो, तो ड्रायव्हर, तो कामचलाऊ होता. चिप बनवणाऱ्याच्याच ठिकाणाहून बरोबर उतरवून टाकला. एकवीस! मी झाकणावर एकवीस लिहिलं आणि त्याच्याखाली दोनदा रेघ ओढली.

"रेघा कशाला?"

"आनंद झाला म्हणून."

"बराबर. आनंद पण लिहून ठेवायचा," काका म्हणाले. ते थट्टा करत होते की नव्हते, कुणास ठाऊक.

दुपारनंतर आम्ही चित्राकडं वळलो. स्क्रीनवरचं चित्र जरा लहान मापाचं केलं की चिपला कमी कष्ट पडतात. मग गेममधली सजावट काढायची. समुद्राच्या पाण्यातली चमक काढली, झाडं काढली, ढग काढले. आकडा अठ्ठावीसवर आला. गेम आता आमच्या माळासारखा उघडाबोडका दिसायला लागला होता.

"आता सावल्या," काका म्हणाले. "सगळ्यात जास्त त्या खातात. बंद कर."

मी बंद केल्या. आकडा एकदम छत्तीस. अडखळणं जवळजवळ गेलं. काका पहिल्यांदा खुर्चीत मागं टेकले. मी हूक हलवला, लोड चौकोनावर आणला, आणि ड्रमवर आपटला. पुन्हा केला. पुन्हा ड्रमवर. आता चित्र थिजत नव्हतं, म्हणजे चूक माझीच होती. इतके दिवस ज्याला भीत होते तेच समोर आलं होतं. तरी तिसऱ्यांदा उचलला, आणि मध्येच हात थांबला.

"काका, सावल्या परत पाहिजेत."

"आठ आकडे जातील."

"जाऊ देत. लोड कुठं आहे ते सावलीवरून कळतं. वर लटकलेलं जे असतं त्याचा नेम नसतो, जवळ वाटतं ते लांब असतं. मी चार वर्षं खाली उभी राहून इशारे केलेत. कधी हुकाकडं बघून नाही केले, जमिनीवरच्या सावलीकडं बघून केले. सावली चौकोनात आली की मूठ मिटायची, म्हणजे थांब. सावली नसेल तर मी आंधळी आहे."

एवढं मी त्यांच्याशी सलग कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर भीती वाटली, की मोठ्या माणसाला उलट उत्तर दिलं. काकांनी पंच्यानं चष्मा पुसला, डोळ्यावर लावला आणि पहिल्यांदा, दोन रविवारांत पहिल्यांदाच, स्क्रीनकडं नीट बघितलं.

"दाखव."

मी सावल्या लावल्या. चित्र पुन्हा अडखळायला लागलं, पण त्या अडखळत्या चित्रातसुद्धा सावली चौकोनात आणली, थांबले, खाली सोडला. लागला नाही कुठंच. काका पुढं वाकले.

"पुन्हा."

पुन्हा केला. तोही बसला.

"इथं तू मिस्त्री," काका म्हणाले. "सावली राहील. आता तिला लागेल तेवढं पाणी कुठून आणायचं ते मी बघतो."

पाणी म्हणजे काय, ते त्यांनी पेन्सिलीनं झाकणाच्या मागं काढून दाखवलं. वेगळं कार्ड असतं त्याला स्वतःची मेमरी असते, म्हणजे स्वतःची टाकी. माझ्या डब्यातल्या चिपला स्वतःचं काही नाही. घरच्या टाकीतून सगळे पितात, तिथूनच ती पिते. आणि टाकीला नळ एकच, कारण मेमरीची पट्टी एकच बसवलेली. शेजारची खाच रिकामी. "कारखान्यात साचे भरताना एक नळ बंद असला की सगळी रांग खोळंबते. टाकीत पाणी असतं, पण येत नाही. तसंच हे. बरोबरीची दुसरी पट्टी घातली की दोन नळ."

"मग कार्डच टाकू या का? वापीवाला म्हणत होता."

"ह्या एवढ्याशा डब्यात ते कार्ड बसणार नाही, आणि बसवलंच तर त्याला पुरेल एवढी वीज आत नाही. त्यानं उघडून बघितलं असतं तर बोलला नसता." वापीवाल्याबद्दल एवढंच. कोणाबद्दल वाईट बोलताना मी त्यांना याहून जास्त ऐकलं नाही.

काकांनी फोन करून विचारलं, पण माझ्या डब्याला जुळणारी पट्टी डहाणूत मिळेना. परीक्षा येत्या शनिवारी होती. काका उठले, दुकानातला स्वतःचा कॉम्प्युटर ओढला, उलटा हात लावला, वायर काढली, झाकण उघडलं. त्यांच्यात दोन पट्ट्या होत्या, अगदी माझ्यासारख्याच. एक काढून त्यांनी माझ्या डब्यातल्या रिकाम्या खाचेत बसवली. टक् असा आवाज आला.

"काका, तुमचं काम अडेल."

"माझं काम चहा थंड होईपर्यंत थांबतं, तसं हे पण थांबेल. वाच."

सावल्या सगळ्या लावलेल्या. मी आकडा वाचला. एकेचाळीस. पुन्हा वाचला, चुकून वाचला असेल म्हणून. एकेचाळीस. हूक सरळ, गुळगुळीत, आमच्या यार्डातल्यासारखा सरकत होता आणि त्याच्या खाली जमिनीवर त्याची सावली.

भानूमावशी टोपली सोडून आत आली होती. "हालला काय गो पोरीचा हूक?" तिनं विचारलं. काहीच कळत नसताना तिनं स्क्रीनला हात जोडले.

निघताना काका म्हणाले, "हे बघ, वनिता. ती पट्टी भेट दिलेली नाही. पास झालीस तर परत आणून द्यायची. नापास झालीस तर ठेव. तुला लागेल."

"नापास झाल्यावर कशाला लागेल? संधी एकच आहे."

"ठेकेदाराकडं एकच आहे. जगात ठेकेदार काय एवढाच आहे?"

त्या आठवड्यात कामावरून आल्यावर मी रोज बसले. आकडे लिहिलेलं झाकण समोर भिंतीला लावलं होतं. आईनं दाणे टेबलावर ठेवले, जाळीपासून वीतभर लांब, बोटानं मोजून.

शनिवारी परीक्षेच्या खोलीत खुर्ची होती, दोन दांडे होते आणि मोठा पडदा. माझ्या आधीच्या दोघांनी घाई केली, त्यांचे ड्रम पडले. पहिला लोड बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला मी दांडा जरा जास्त ओढला आणि लोड झुलायला लागला. मागून कोणीतरी म्हणालं, "सोड, सोड, वेळ जातोय." सावली चौकोनात यायची आणि बाहेर जायची. आत यायची, बाहेर जायची. मला एकदम खाडीकाठची ती फुटलेली लादी दिसली, मी कधीही न बघितलेली. अजून आत पाणी आहे. मी दांड्यावरून हात हलवला नाही. सावलीचं झुलणं लहान होत गेलं, होत गेलं आणि एका क्षणी ती चौकोनाच्या मधोमध निजल्यासारखी पडून राहिली. तेव्हा सोडला.

ट्रेनिंग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी सरावलीला गेले. ह्या वेळी मांडीवर डबा नव्हता. पट्टी कागदात गुंडाळून ब्लाउजच्या आत, दाण्यांच्या पुडीशेजारी ठेवली होती. वाटभर काय काय बोलायचं ते जुळवत होते. तुमचे उपकार, वगैरे. काका कोणाच्या तरी इस्त्रीशी झगडत बसले होते. मला बघितलं. काय झालं, पास झालीस का, असलं काही विचारलं नाही.

"आणलीस?" म्हणाले.

मी मान हलवली. जुळवलेलं सगळं बाजूला ठेवून कागद सोडला. काकांनी हात पुढं केला आणि मी पट्टी ठेवायला गेले तेव्हा बघितलं, तो हात सरळ होता. तळवा वर. मधोमध जुन्या भाजल्याचा पांढरा डाग होता. इतक्या दिवसांत तो मला कधी दिसला नव्हता.

त्यांनी आपला कॉम्प्युटर उघडला. रिकाम्या खाचेवर धूळ जाऊ नये म्हणून चिकटपट्टी लावली होती आणि तिच्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'वनिता, शनिवार'. चिकटपट्टी त्यांनी ओढून काढली, चुरगळली आणि पट्टी बसवली. टक्.

"एवढे दिवस मशीन गाढवासारखं चालत होतं," भानूमावशी बाहेरून ओरडली. "एक कागद छापाला सांगितला तर सकालचा संध्याकाली द्यायचा! इचार त्याला!"

"भानू, मांजर," काका म्हणाले.

मी वाकून नमस्कार केला तेव्हा ते म्हणाले, "वर केबिनमध्ये बसशील तेव्हा खाली इशारे करणारा माणूस काय सांगतो ते बघत जा. त्याला सावली दिसते." एवढंच.

रिक्षा वळली तेव्हा मी मागं बघितलं. चहा आला होता. काका कुणाकडंच बघत नव्हते. ग्लासाला उलटा हात लावून बसले होते, तो निवायची वाट बघत.